शेकोटीपाशी कुणी जेवत नाही

कापसाचा बोळा उचलला, तर खालून एक डोळा माझ्याकडे बघत होता. गोल, पांढरा, मेलेला. माशाचा डोळा.

मी खुर्ची मागे सरकवली. हातातली काडी ट्रेमध्ये ठेवली. अशा वेळी माझ्यासारखीच्या मनात आधी कलेचा विचार यायला हवा. तो आला नाही. विचार आला तो मालेगावच्या त्या जैन घराचा, जिथं कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या घराच्या बैठकीत हे चित्र चार पिढ्या टांगलेलं होतं आणि मी ते फक्त पुसायला आणलं होतं.

आधी माझा धंदा सांगते. मी चित्रसंवर्धक आहे. लोक कौतुकानं ‘जुन्या चित्रांची डॉक्टर’ म्हणतात, मी स्वतःला धोबीण म्हणते. मुंबईच्या एका संग्रहालयाच्या लॅबमध्ये नोकरी केली, रिटायर झाले आणि वाशिमला येऊन राहिले. माहेर इंझोरीचं, त्यामुळे इकडचीच ओढ. वरच्या खोलीत टेबल, दिवे, भिंगं लावून लॅब थाटली. नातेवाईक हसले. वाशिमात जुनी चित्रं कोण आणून देणार? खरंच कुणी देत नव्हतं. बहुतेक लोक स्वर्गवासी आजोबांचा फोटो घेऊन यायचे आणि मिशी जरा काळी करून द्या म्हणायचे.

मग अशोकचा फोन आला. अशोक माझा कॉलेजातला वर्गमित्र. वाशिमजवळच्या मालेगावात त्याचं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान आहे. त्याच्या आई राजुलकाकू, वय नव्वदीला टेकलेलं, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

“आई घरी आली, पट्टी निघाली, अन् भिंतीकडे पाहून म्हणते, चित्र काळं झालं,” अशोक सांगत होता. “आमी इतके वर्षं समजून राह्यलो, का तिचे डोळे गेले म्हणून तिले दिसत नाई.”

“मग?”

“मग काय. म्हणते, डोळे धुतले, आता चित्र धुवा.”

मी मालेगावला गेले. चित्र बघितलं. दारापेक्षा रुंद, सोनेरी चौकटीतलं, कॅनव्हासवरचं तैलचित्र. अशोकच्या पणजोबांनी कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा उचललेलं. वर सगळा काळोख, मध्ये गुळाच्या खड्यासारखा एक तपकिरी ठिपका आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक शेकोटी, तिच्याभोवती चार माणसं. बस. पण हात कसलेला होता, ते त्या काळोखातही कळत होतं.

अठराव्या शतकात युरोपात अशा रात्रीच्या देखाव्यांचं वेड होतं. श्रीमंत लोक इटलीच्या बाजूला हिंडायला जायचे आणि येताना आठवण म्हणून चित्र आणायचे: चांदण्यातलं बंदर, वादळ, धगधगता ज्वालामुखी. ह्या चित्रांची गंमत अशी, की चित्रकार एकाच कॅनव्हासवर दोन उजेड भांडायला लावायचा. एकीकडे चंद्राचा थंड उजेड, दुसरीकडे आगीचा गरम. हे चित्र त्याच जातीचं दिसत होतं. सही नव्हती. कुणा मोठ्या चित्रकाराचं असेल किंवा त्याच्या शिष्यानं केलेली नक्कल असेल, मला सांगता येणार नाही, आणि मी न कळणाऱ्या गोष्टी सांगत नाही.

“एवढं काळं कशानं झालं रे?” मी विचारलं.

अशोक अभिमानानं म्हणाला, “काय माहीत. आमी तं लई काळजी घेतो. दर दिवाळीले वार्निश मारतो.”

“काय?”

“वार्निश. दारं-खिडक्या झाल्या का याले बी एक हात. दुकानातला एक नंबर माल. बाबाच्या आधीपासून चालू हाये.”

मी खाली बसले. लाकडाचं वार्निश. दर दिवाळीला. जुनं वार्निश पिवळं पडतं, मग तपकिरी, त्यावर पुन्हा नवा थर. ह्या लोकांनी प्रेमानं, स्वतःच्या हातानं, चित्रावर काकवी ओतली होती. रंगाचं दुकान नसतं, तर चित्र वाचलं असतं.

तेवढ्यात काकू आल्या. बारीक बांधा, पांढरी साडी, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “वार्निश सोडून ह्याला आणखी कुणी काही लावलंय का? तेल, रंग, काही?”

“छे छे,” अशोक म्हणाला.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “चंद्र साफ कर बाई. तो लई सुंदर होता. पण त्या शेकोटीवाल्यायले जास्त घासू नको.”

गिऱ्हाइकं घाबरतात, त्यातलाच हा प्रकार असेल असं मला वाटलं.

अशोकनं त्या शेकोटीचं महत्त्व सांगितलं. ह्या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी जेवत नाही. लहान पोरं अर्थातच भूक भूक करतात. मग काकू त्यांना ह्या चित्रासमोर आणायच्या. “पाह्य, हे लोक रातच्याले बसले हायेत, समोर आग हाये, पण कोनी जेवून राह्यलं का? नुसते हात शेकून राह्यले.” अशोक असाच शिकला, त्याच्या बहिणी शिकल्या, त्याची पोरं शिकली. नातवंडं सध्या शिकत होती. घरात त्याला सगळे ‘आईचं चित्र’ म्हणत.

दोन अटी घालून चित्र माझ्याकडे आलं. एक, चिकटवायला सरस नको, कारण तो जनावराच्या हाडा-कातड्याचा असतो. दुसरी, ब्रश केसांचे नकोत, नायलॉनचे चालतील. मी कबूल केलं. त्या कॅनव्हासलाच चित्रकारानं मुळात सरस फासलेला असणार, हे मी बोलले नाही. सगळंच सांगून कसं चालेल?

रात्रीचं चित्र साफ करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जिवावरचं काम. दिवसाच्या चित्रात मळ कुठला आणि आकाश कुठलं हे पोरालाही कळतं. रात्रीच्या चित्रात मळही काळा, रात्रही काळी. चित्रकारानं शेवटी लावलेले पातळ, पारदर्शक, गडद रंगाचे हात असतात. त्यांना आम्ही ग्लेझ म्हणतो. ती ग्लेझ म्हणजेच रात्र. मळाबरोबर ती गेली, तर हातात उरतो ढगाळ दिवस, आणि मग जन्मभर तोंड लपवायचं.

आधी अंधार करून यूव्ही दिव्याखाली बघितलं. ह्या दिव्यात जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि मागाहून कुणी रंग लावला असेल, तर तो काळा डाग होऊन उठतो. पण इथं वार्निशच एवढं जाड, की सगळं चित्र शेवाळलेल्या हौदासारखं हिरवंगार दिसलं. दिव्याचा काही उपयोग झाला नाही. मग एकच रस्ता. काडीला कापूस गुंडाळायचा, सौम्य द्रावणात बुडवायचा आणि नखाएवढ्या जागेपासून सुरुवात करायची.

चंद्र आधी काढला. गुळाचा खडा विरघळला आणि खालून असा थंड, पांढरा चंद्र आला, की मी खोलीत एकटीच “अगं बाई!” म्हणाले. त्याच्याखाली समुद्र उजळला. पुढचे काही दिवस डावीकडे काम केलं. तिथं नुसता काळोख होता. एका दुपारी काळोखातून तांबडी रेघ आली. रेघ वाढली, फुटली, खाली ओघळली. पेटलेला डोंगर होता तो. लाव्हा, धूर, आकाशात उडणारे निखारे, सगळं. एवढा मोठा डोंगर वार्निशनं गिळला होता!

मी अशोकला व्हिडिओ कॉल लावला. तो दुकानातच किंचाळला, “हा डोंगर कुठून आला? आमच्या चित्रात डोंगर नाई!”

मागून काकूंचा आवाज आला. “आला का डोंगर? तो होताच.” मग थोड्या वेळानं, “शेकोटीले हात नाई ना लावला?”

“नाही काकू.”

पण लावावा लागणार होता. द्रावण प्रत्येक रंगावर तपासावं लागतं. तांबडा रंग सगळ्यात नाजूक, आणि खालचा उजवा कोपरा म्हणजे तांबडाच. शेकोटीच्या जरा बाजूला, माणसांच्या पायापाशी, एक साधा काळा तुकडा मी निवडला. बोळा टेकवला आणि वार्निशची खपलीच्या खपली उठून आली. असं होत नाही. वार्निश हळूहळू विरघळतं, पापुद्र्यासारखं सुटत नाही. खपलीबरोबर खालचं काळंही आलं, आणि मग तो डोळा.

भिंग लावलं. डोळ्यामागे चंदेरी खवले, रुपयाएवढ्या जागेत. त्यापुढे काळ्या थराची कड, आणि कडेखालून डोकावणारी तव्याची गोलाई. हे लोक हात शेकत नव्हते. हे कोळी होते. मासे तळत होते. रात्रीचे.

म्हणजे एका फटक्यात दोन पापं. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. माझ्या माहेरी सुकटीचा वास आला, की आम्ही पोरं चुलीपाशी पळायचो, मला माशाचं काय? पण त्या पोरांचं काय, ज्यांना ह्याच तव्यासमोर उभं करून उपाशी झोपवलं होतं!

मग मी त्या काळ्या थराकडे नीट बघितलं आणि दुसऱ्यांदा हादरले. तो रंग नव्हता. रंग वाळतो, हा वाळलाच नव्हता. काजळी होती, तुपात खललेली. म्हणूनच वरच्या वार्निशला पकड नव्हती. आणि ब्रशचा फटकारा कुठंच नव्हता. ते बोटानं फासलेलं होतं. एका जागी बोट जरा दाबलं गेलं होतं आणि तिथं बोटाच्या बारीक रेषा वार्निशखाली जशाच्या तशा राहिल्या होत्या. मी माझं बोट शेजारी धरून बघितलं. माझ्यापेक्षा बारीक होतं.

मी तिथंच काम थांबवलं. अशोकला फोन केला. “ये. फोनवर नाही सांगता येत.”

तो आला, भिंगाला डोळा लावला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा चेहरा उतरला होता.

“सुनंदा, ही मासोळी हाये?”

“हो.”

“मेलेली?”

“तव्यापाशी आहे अशोक. जिवंत कशी असेल?”

तो धपकन स्टुलावर बसला. “त्या खोलीत मुनिमहाराजायचा आहार झाला हाये. माह्या पोराची सोयरीक त्या खोलीत ठरली.” मग एकदम उठला. “झाकून टाक. होतं तसं करून टाक. आईले कळू देऊ नको.”

“असं नाही करता येत. मूळ चित्रावर रंग फासायचा नसतो. आणि चित्र काकूंचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही.”

“तुले समजून नाई राह्यलं!” त्याचा आवाज चढला. “तिच्या ताटात एक मुंगी निघाली, तं दोन दिवस उपास धरला तिनं. डॉक्टरनं सांगतलं हाये, आता एक बी उपास नाई झेपनार. जन्मभर मासोळीच्या चित्रासमोर बसली हे तिले कळलं, तं ती अन्न सोडीन. सोडीन म्हणजे सोडीन. मंग तू काय करशील? नियम घेऊन बसशील?”

त्याचं खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी फाटलेली, जळालेली, वाळवी लागलेली चित्रं बघितली, पण एका चित्रापायी माणूस जाईल ही भीती मला कधी वाटली नव्हती. दोन दिवस मी चित्रावर कापड टाकून ठेवलं. झाकलं तर धंद्याशी बेइमानी, उघडलं तर म्हातारीच्या जिवाशी खेळ. आणि मला दोन्ही नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचाच फोन आला. “अशोक दोन दिवसापासून जेवन टाकून राह्यला. माह्याकडे पाहत नाई. शेकोटीले हात लावला ना तू?”

मला नाही म्हणवेना.

“काय दिसलं?”

“काकू...”

“राहू दे. मी येते तिथं.”

त्या आल्या. अशोक गाडी चालवत होता, तोंड एवढंसं करून. जिना चढताना काकूंनी कुणाचा हात धरला नाही. टेबलापाशी आल्या आणि आधी चंद्राकडे बघितलं. खूप वेळ. मग पेटलेल्या डोंगराकडे. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि कुठं बघायचं ते दाखवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. भिंग बरोबर त्या जागी नेलं.

“हाच तो,” त्या म्हणाल्या. “तव्हाही माह्याकडेच पाह्यत होता.”

अशोक म्हणाला, “कवा?”

“मी लग्न होऊन आली तव्हा.”

मग माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली. बारीक, लांब, वाकडी झालेली बोटं.

काकूंनी बसून सांगितलं, तेही भाजी निवडताना सांगावं तसं. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सोळाच्याही नसतील. नवं घर, कुणाशी बोलायचं ठाऊक नाही. बैठक झाडायला जायच्या, तेव्हा हे चित्र बघायच्या. त्यातला चंद्र माहेरच्या अंगणातल्यासारखा वाटायचा. मग एकदा गावात मुनिमहाराज यायचे ठरले. त्यांच्या आहारासाठी घरात चौका लावायचा, म्हणजे सगळं शुद्ध करून सोवळ्यात स्वयंपाक करायचा. सासऱ्यांनी घर बारकाईनं तपासलं. कुणीतरी म्हणालं, चित्रात मासे आहेत. सासरे म्हणाले, उद्या फोडा आणि बंबात घाला.

“मी राती काजळाची डबी घेतली. पुरलं नाई, तं समईची काजळी खरवडली. अन् फासलं. सकाळी मामांजीले म्हटलं, मासोळी कुठी हाये? पाहा बरं. हे तं नुसते हात शेकून राह्यले. रातच्याले कोनी जेवते का?”

“मग?” मी विचारलं.

“मामांजी जवळ गेले, चष्मा लावला, पाह्यलं. म्हणाले, सुनबाईची नजर तेज हाये. चित्र तिचंच. मंग दिवाळीले त्याच्यावर वार्निश बसलं, अन् झालं ते पक्कं.”

अशोक पुढे आला. “आई, तू आमाले खोटं सांगतलं? आयुष्यभर?”

“एकदा सांगतलं. मंग ते थांबवता नाई आलं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. “मले वाटे, मी मेली का हे खोटं बी सोबत जाईन. डोळे गेले तव्हा बरं वाटलं, पाहावं लागत नव्हतं. डॉक्टरनं पुन्हा दाखवलं.”

मग माझ्याकडे वळल्या. “तुह्या धंद्यात काय करतेत याचं?”

मी खरं सांगितलं. “हे काजळ मूळ चित्राचं नाही. काढायला सोपं आहे. पण चित्र तुमचं. ठेव म्हणालात तर आहे तसं ठेवते, निघालेल्या जागेवर मात्र नवं फासणार नाही.”

“म्हणजे एक डोळा उघडा अन् बाकी झाकलेलं? असं अर्धं खोटं नको ठेवू. काढ.”

“आई, अन् तू उपास धरला तं?” अशोक रडकुंडीला आला होता.

“उपास मासोळीचा काहून धरू? मी थोडीच मारली. पाप तं काजळाचं हाये. ते मी साध्वी माताजीले सांगीन, त्या देतील ते प्रायश्चित्त घेईन.” मग चष्मा काढून पदरानं पुसला. “दे ती काडी इकडे.”

गिऱ्हाइकाच्या हातात बोळा द्यायचा नसतो. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. मी मुंबईत एका मोठ्या साहेबाला त्यासाठी लॅबबाहेर काढलं होतं. पण तुपातली काजळी ती, हात लावला तरी सुटत होती, आणि ते बोट तर त्या जागेला माझ्याआधीपासून ओळखत होतं. मी काडी दिली आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. काकूंनी घासलं नाही. टेकवलं, उचललं, टेकवलं, उचललं. तवा आला. दुसरा मासा आला. एका बाईचा हात आला, शेकोटीतलं लाकूड सारणारा. काळा झालेला बोळा त्यांनी ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “गरीब दिसतेत बिचारे. दिवसभर पान्यात. जेवतीन कवा?”

उरलेलं काम मी पुरं केलं. रिपोर्टमध्ये काय काढलं, कशानं काढलं, ते सगळं लिहावं लागतं. ‘साहाय्यक’ अशी एक जागा असते, एरवी मी ती रिकामी सोडते. ह्या वेळी तिथं काकूंचं नाव लिहिलं.

माताजींनी चातुर्मासभर गोड सोडायला सांगितलं. अशोकच्या जिवात जीव आला. चित्र पुन्हा बैठकीत लागलं, तेव्हा त्यानं शहाणपणा करून आपल्या दुकानाचं कॅलेंडर बरोबर शेकोटीच्या कोपऱ्यावर लटकवलं. मी गेले त्या दिवशी ते कॅलेंडर शिलाई मशीनवर पडलेलं होतं. काकूंनी काढलं होतं. तो लावतो, त्या काढतात, असं सध्या चालू आहे. पतवंडांना चित्रासमोर उभं करायचं त्यांनी सोडलेलं नाही, फक्त शिकवण बदलली. “हे लोक रातच्याले जेवून राह्यले. आपन नाई जेवत. ते त्यायचं, हे आपलं.” पोरं पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघतात म्हणे, कारण आता बघायला मासे आहेत. दिवाळीत वार्निश मारायचं नाही, हे मी अशोककडून देवाची शपथ घालून कबूल करून घेतलं.

मी काय शिकले? काम घेताना अजूनही तोच प्रश्न विचारते: ह्याला कुणी काही लावलंय का? घरातले सगळे छे छे म्हणतात. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. घरातल्या सगळ्यात जुन्या बाईकडे बघते. ती खिडकीबाहेर बघत असेल, तर चित्र गाडीत घालण्याआधी तिच्यापाशी बसते आणि चहा मागते.